मी मंगळ सारवला

माझ्या शेतात मंगळ आहे. हसायचं तर हसून घ्या, मला सवय आहे.

तलासरीच्या बाजूला डोंगराखाली आमचं घर, आणि घरामागे चढावर नागलीचा एक तुकडा. त्यात मातीपेक्षा दगड जास्त. शाळेची पायरी मी चढलोच नाय असं मात्र कोणी बोलू नये. चढलो होतो, कौलं फिरवायला.

पोरगी माझ्यावर गेली नाय. ती इंजिनिअरिंगला गेली. कॉलेजात तिने आणि तिच्या सोबत्यांनी मिळून एक गाडी बनवली. सहा चाकं, वर लांब हात, हाताला चिमटा. मंगळावर अशाच गाड्या फिरतात म्हणे, दगड उचलून तपासतात. कॉलेजांची पोरं तशा गाड्या बनवून स्पर्धेला नेतात. चालवणारा तंबूत बसतो, गाडीकडे पाठ करून. कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर दिसेल तेवढंच बघून चालवायचं. गाडी अडकली आणि कोणी हात लावला, की बाद.

हे मी माझ्या मोठ्या भावाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुला बैलगाडी सरळ हाकता येत नाय, आणि पोरगी मंगळावर गाडी चालवणार?"

"म्हणून तर. घरात एकाला तरी यायला पाहिजे."

चालवणारा एकच निवडायचा होता. एक माझी पोरगी आणि दुसरा डहाणूचा, चिकूवाडीवाल्या घरातला पोरगा. तो नरपडच्या किनाऱ्यावर वाळूत सराव करायचा, हात चांगला बसलेला. पोरीला जागा कुठली, तर कॉलेजचा व्हरांडा. त्यांचे सर तिला म्हणाले, "फरशीवर कोणीही चालवेल. दगडात चालवून दाखव. जमलं तर स्पर्धेत तू, नाहीतर तो."

ती म्हणाली, "दगड पाहिजेत ना सर? आमच्याकडे या."

मला फोनवर एवढंच सांगितलं, "बाबा, रविवारी सर येणार आहेत, टीम येणार आहे. वरच्या तुकड्यात गाडी चालवायची आहे."

आता कॉलेजचे सर घरी येणार म्हटल्यावर माणूस काय करेल? मी शेत झाडायला घेतलं. एकेक दगड उचलून बांधावर टाकला. खड्डे बुजवले. कंबर गेली, पण थांबलो नाय. बायको म्हणाली, "एवढं केलंय तर सारवून पण टाका." ती टोमणा मारत होती. मला वाटलं, सल्ला देतेय. खळं सारवतात तसं मी मधलं अर्धं शेत शेणाने सारवलं. शेण कमी पडलं तर भावाच्या गोठ्यातून आणलं. रांगोळी काढणार होतो, तेवढी बायकोने काढू दिली नाय.

रविवारी सकाळी कॉलेजची गाडी आली. पोरगी उतरली, शेत बघितलं, आणि उभीच राहिली.

मी पुढे होऊन म्हटलं, "बघ. एक खडा सापडणार नाय."

सर चष्मा पुसून म्हणाले, "छान आहे. बॅडमिंटन खेळता येईल."

चिकूवाला पोरगा हसायला लागला, मग माझ्याकडे बघून थांबला. चांगल्या घरचा.

"बाबा," पोरगी हळूच म्हणाली, "आम्हाला दगडच पाहिजे होते."

मी आयुष्यात पुष्कळ वेळा गाढव ठरलोय, पण सारवलेल्या जागेवर पहिल्यांदाच.

सरांनी घड्याळ बघितलं. "आपण असं करू, नरपडला जाऊ. तिथे किनाऱ्यावर बघू कोण कसं चालवतं."

वाळूत तो पोरगाच जिंकणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पोरगी म्हणाली, "सर, चहा घ्या. चहा होईपर्यंत दगड परत लागतील."

"जमेल?"

"आमचेच दगड आहेत."

तिने ओढणी कमरेला बांधली आणि बांधावरचा पहिला दगड उचलला. मी धावलो, बायको चहा वाटून आली. भाऊ कुंपणावर रेलून बघत होता. म्हणाला, "लोकं शेतातून दगड काढतात. हा आमचा शहाणा दगड पेरतोय."

"पेरतोय. तुला हात लावायचा तर लाव, नायतर कुंपण सोड. आधीच मोडकं आहे."

तो आला. शिव्या देत आला, पण आला. मग टीममधली पोरंही चहाचे कप ठेवून आली, तो चिकूवाला पण. कुठला दगड कुठे होता हे मला बरोबर माहीत होतं. प्रत्येकाला कधी ना कधी ठेचकाळलोय.

पोरगी पडवीत लॅपटॉप घेऊन शेताकडे पाठ करून बसली. गाडी निघाली. दगडांवरून चढत, उतरत गेली, मला वाटलं, झालं. वरच्या टोकाला सरांनी एक लाल दगड ठेवला होता, तो उचलून परत यायचं. पण मधे माझं सारवण. वरून सुकलेलं, आत ओलं. चाकं फिरायला लागली आणि गाडी जागच्या जागी शेण उडवायला लागली. थोडं शेण सरांच्या पँटवर गेलं, बाकीचं कॅमेऱ्यावर.

लॅपटॉप हिरवा झाला. काय दिसेना.

"राहू दे," सर म्हणाले. "उचलून आणा गाडी."

"कोणी हात लावायचा नाही," पोरगी म्हणाली. आवाज चढवला नाय. सरांशी असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी ढकलायला निघालोच होतो, दोन पावलं टाकली असतील, ती मागे न बघता म्हणाली, "बाबा, बसा."

बसलो. ओल्यातच बसलो.

चिमट्यापाशी एक बारका कॅमेरा होता, दगड उचलताना बघायला. तिने गाडीचा हात वर केला, मान वळवावी तसा वळवला, आणि त्या कॅमेऱ्यातून रस्ता बघायला लागली. गाडी मागे घेतली, एक चाक दगडाला टेकवलं, त्याच्या जोरावर वर काढली. हळू, फार हळू. लाल दगड चिमट्यात घेताना तो हात खाली वाकवावाच लागला, रस्ता दिसेना. परत येताना दगड नाकापुढे धरून, त्याच्या कडेने जेवढं दिसेल तेवढ्यात ती गाडी पडवीपर्यंत घेऊन आली.

चिकूवाला पोरगा म्हणाला, "सर, शेणात मला नाही जमणार."

सर पँट झटकत पोरांना म्हणाले, "गाडी धुवून घ्या. वायरी भिजू देऊ नका, आणि ड्रायव्हरला विचारून धुवा." मग त्यांनी उरलेला चहा मागितला.

पाऊस जवळ आलाय. भाऊ रोज विचारतो, "दगड कधी काढतोस? नागली कुठे टाकणार?" बाजारातही विचारतात, मंगळावर यंदा पीक काय. सांगतो सगळ्यांना, यंदा तिथे दगडच येणार. नागली खालच्या बाजूला थोडी टाकीन, कमी खाऊ. पोरगी रविवारी येते, पडवीत पाठ करून बसते, चालवते. कोणाला बघायचं तर कुंपणाबाहेरून बघा.

काल ओढ्यातून एक मोठा धोंडा लोटत आणला. भाऊ म्हणाला, "यावरून तिची गाडी जायची नाय."

पोरगी धोंड्याभोवती फिरली, पायाने हलवून बघितला.

"बाबा, अजून थोडा मधे घ्या," म्हणाली.