दुमिंगच्या नावावरचा पाना

पाना हरवला तेव्हा तो सगळ्यात मन लावून मी शोधला. ही गोष्ट मी पन्नासहून जास्त वर्षं टाळली. नातवंडांना युद्धाच्या गोष्टी सांगताना मी विमान उडाल्यापासूनच सुरुवात करतो.

एकाहत्तरचं युद्ध. मी वायुदलात फिटर होतो. अवजड बॉम्बफेकी विमानं आमच्याकडे नव्हती, म्हणून मालवाहू विमानांनाच ते काम दिलं. पोटात बॉम्ब रचायचे आणि उडताना मागच्या दारातून ढकलायचे. ऐकायला विचित्र वाटतं, पण चाललं.

आमचा एक कडक नियम होता. प्रत्येक हत्यार सही करून घ्यायचं. काम संपलं की फळीवर त्याची आकृती रंगवलेली असते, तिथं टांगायचं. एक आकृती रिकामी राहिली तरी विमान हलत नाही. आत विसरलेला पाना कंट्रोलच्या तारांत अडकला, तर वैमानिकाला विमान वळवता येत नाही.

त्या दुपारी एक आकृती रिकामी राहिली.

"कुणाच्या नावावर?" वॉरंट ऑफिसरनं विचारलं.

"माझ्या, सर," दुमिंग म्हणाला. दुमिंग माझा जोडीदार, वसईजवळच्या होळी गावचा. "इथंच ठेवला होता."

"इथंच म्हणजे भारतातच ना?"

पाना मिळेपर्यंत कुणी हँगर सोडायचा नाही, असा हुकूम झाला. विमानाच्या आतल्या तळाचे पत्रे उघडले. शेपटीत सरपटताना मला आठवलं, पाना माझ्या खाटेखाली आहे. खाटेचा पाय डुगडुगत होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी तो न विचारता नेला होता. बराकीतून आणून 'सापडला' म्हणावं, तर बाहेर सोडत नव्हते. खरं बोलावं, तर कोर्ट मार्शलची भीती. म्हणून शोधत राहिलो. दोन तास.

"याच्याकडून शीक," वॉरंट ऑफिसर दुमिंगला म्हणाला.

शेवटी शोध थांबवला, आणि विमान त्या दिवशीच्या मोहिमेतून राहिलं. दुमिंगची कॉर्पोरलची बढती गेली, ती कायमची. मला मिळाली. पाना मी विहिरीत टाकला. हत्यार कुणाच्या नावावर आहे, एवढंच नियमाला कळतं. कुणाच्या खाटेखाली आहे, ते खाटवाल्यालाच सांगावं लागतं.

निवृत्तीनंतर मी वसईत फ्लॅट घेतला. दुमिंगच्या वाडीवर तीनदा कबुली द्यायला गेलो, तीनदा केळी घेऊन परतलो. चौथ्यांदा गेलो तेव्हा तो अंथरुणावर होता. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

"माझ्या पान्यापायी तुला त्या शेपटीत रांगायला लागलं रे. मी कधी माफी नाय मागली."

"सोड ना, दुमिंग. झालं ते झालं."

"तोंडानं बोल. माफ केलं?"

त्याची सून पाणी घेऊन दारात उभी होती.

"केलं," मी म्हणालो.

तो सुटल्यासारखा हसला. दोन आठवड्यांनी चर्चमध्ये त्याच्या पेटीजवळ उभा राहिलो, तेव्हाही सून शेजारीच होती. मी नुसते हात जोडले.