एकशेचाळीस नंबरचं तेल

बोल्ट सुटला तरी तेल खाली पडेना. मेकॅनिकने पत्र्याचं घमेलं गिअरबॉक्सखाली सरकवलं होतं आणि आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो. डिसेंबरची सकाळ, नाशिकची थंडी कानात शिरत होती. शेवटी भोकातून काकवीसारखी एक जाड धार आली आणि न तुटता घमेल्यात वेटोळं घालून बसली.

"शेठ, हे कुणी घातलं?"

मी भडकलो. "मला काय विचारतोस? गाडी वर घेतली तू, बोल्ट काढला तू."

"अहो, हे या गाडीचं तेलच नाही. हे एकशेचाळीस नंबर आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमध्ये घालतात. वास घ्या."

मी वास घेतला. उडून गेलेल्या फटाक्यासारखा गंधकाचा वास. त्याने घमेलं उन्हात ओढलं आणि काडीने तेल हलवलं, तेव्हा त्यात बारीक सोनेरी कण चमकले.

"हे पितळ," तो म्हणाला. "तुमच्या रिंगा झिजून आल्यात यात."

ही गाडी जुनी जपानी स्पोर्ट्स कार आहे. दोन दारं, दोन सीट, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ती एका द्राक्षबागाईतदाराच्या गोठ्यातून भंगार म्हणून उचलली होती, आमच्या सामाईक धंद्याच्या पैशातून. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमची द्राक्षांच्या फवारणीची यंत्रं बनवायची शेड. यंत्र दादाचं, बाजार माझा. पत्रा, पाइप, मोटारी मी घासाघीस करून आणायच्या आणि तयार माल मीच विकायचा. बापाने आम्हाला काही ठेवलं नव्हतं. जे झालं ते या दोन माणसांचं, आणि त्यातली अर्धी मेहनत माझ्या घशाची आहे हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

दादा रविवारी त्या गाडीखाली पोतं टाकून झोपायचा. मिळत नव्हते ते भाग त्याने लेथवर स्वतः काढले. गाडी उभी राहिली, रंगली, रस्त्यावर आली. आणि इतक्या वर्षांत त्याने मला ती एकदाही चालवू दिली नाही. मागितली की म्हणायचा, "तुझा हात जड आहे." बायकोसमोर, कामगारांसमोर. हे मी विसरलेलो नाही.

मुलं मोठी झाल्यावर वाटणी करायचं ठरलं. शेड त्याला, गंगापूर रोडचं दुकान मला, यावर भांडण झालं नाही. उरल्या दोन गाड्या, मालाची नवी पिकअप आणि ही. आमच्याकडे रीत अशी की अशा उरलेल्या वस्तूंचे वाटे थोरल्याने करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. म्हणजे करणाऱ्याला लबाडी करता येत नाही. दादाने एका बाजूला पिकअप ठेवली, दुसऱ्या बाजूला ही गाडी आणि जोडीला एक जुना कॉम्प्रेसर. वर म्हणाला, "तुला धंद्याला पिकअपच लागेल. ही तर आता फार जड चालते, गिअर पडत नाहीत."

बाजारात आयुष्य गेलंय माझं. समोरचा जो माल पुढे सरकवतो तो मी घेत नाही. म्हटलं, "आधी चालवून बघतो."

भर मे महिना होता. गाडी शेडबाहेर उन्हात तापलेली. पहिला, दुसरा, तिसरा, असे गिअर पडले की मला वाटलं मी उगीच इतकी वर्षं तरसलो. मोहदरी घाटापर्यंत गेलो, वळलो, परत येऊन किल्ली खिशात टाकली आणि म्हणालो, "हाच वाटा." दादा फक्त "बरं" म्हणाला आणि कॉम्प्रेसरची नळी गुंडाळायला लागला.

पावसाळाभर मी गाडी झाकून ठेवली. थंडी पडली आणि दुसरा गिअर पडेनासा झाला. सकाळी गंगापूर रोडवर दुसरा टाकायला जावं तर कर्रर्र असा आवाज व्हायचा, बसस्टॉपवरची माणसं वळून बघायची. मी ठरवलं, तेल बदलायचं. एरवी हे काम एका फोनचं, पण गिअरबॉक्सच्या तेलाच्या डब्यावर ग्रेड असते, चार आणि पाच. दुकानदार म्हणाला, पाच घ्या, भारी आहे. मी त्याला चारच्या भावात पाच द्यायला लावलं, तो रडकुंडीला आला तेव्हा कुठे सोडलं. विजयी होऊन डबा मेकॅनिककडे नेला. त्याने डबा उलटा करून वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"हे परत करा, शेठ."

"का? पाच आहे. चारपेक्षा वरचं."

"वरचं नाही, वेगळं. पाच नंबर मागच्या अ‍ॅक्सलला. या जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात. गिअर बदलताना रिंग गिअरला घासते, वेग जुळवते, मग गिअर अलगद बसतो. पाचमध्ये गंधक जास्त, तो हळूहळू पितळ खातो. आणि तेल निसरडं झालं की रिंगेला पकडच मिळत नाही. तुम्हाला चार नंबर पाहिजे, आणि पातळ. थंडीत पातळच."

दुकानदाराने डबा परत घ्यायला नकार दिला. त्या भांडणाचं इथे लिहीत नाही. मेकॅनिकने दिलेल्या तारखेला गाडी वर चढली आणि ते एकशेचाळीस नंबर बाहेर आलं, जाडीला एकशेचाळीस आणि ग्रेडने पाचच.

घमेल्यासमोर बसून मला आधी वाटलं, बागाईतदाराकडचंच असेल. पण मेकॅनिकने सुटा बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या डोक्यावर हिरव्या रंगाचा ठिपका होता, फारसा न उडालेला. आमच्या शेडमध्ये घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर दादा हिरवा ठिपका देतो, म्हणजे कुणी पुन्हा त्याला पाना लावू नये. दुसरं कुणी देत नाही. मी गॅरेजच्या पायरीवर बसलो. मेकॅनिक चहा मागवू का विचारत होता आणि मी नखाने तो ठिपका खरवडत होतो.

माझा भाऊ ग्राहकाने परत आणलेलं यंत्र फुकट दुरुस्त करून देणारा माणूस. तो कधी कुणाला फसवू शकणार नाही म्हणून त्याच्या वतीने भांडण मी आयुष्यभर केलं. त्याने?

ते तेल पाण्याच्या बाटलीत भरलं, बोल्ट बसवायला लावला, चार नंबरचा डबा अजून आला नव्हता, तेव्हा तात्पुरतं कसलंतरी हलकं तेल घालून घेतलं आणि त्याच गाडीने तसाच सिन्नरला गेलो. दादा अंगणात पेरू कापत बसला होता. वहिनी सूप घेऊन तांदूळ निवडत होती. बाटली मी त्याच्या ताटाशेजारी आपटली.

"हे काय आहे?"

त्याने झाकण उघडून हुंगलं. "एकशेचाळीस."

"माझ्या गाडीत कुणी घातलं?"

"मी," दादा म्हणाला. अगदी सरळ. मी शिव्या तयार करून आणल्या होत्या, नाकबूल करेल म्हणून.

"मला फसवायला?"

"फसवायला नाही रे. तू घेऊ नयेस म्हणून. जाड तेल घातलं की गिअर जड पडतील, तू चालवून बघशील, शिव्या घालशील आणि पिकअप नेशील. वाटे झाले की त्याच दिवशी काढणार होतो." त्याने पेरूची फोड खाली ठेवली. "ऊन इतकं होतं की ते आत पाण्यासारखं झालं. तू निघालास तसं मला कळलं. पहिल्यांदा दुसरा गिअर टाकलास तेव्हाच कळलं, आवाजावरून."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही गाडी नेली त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला वाटलं ऊन लागलं."

"तू गप्प बस," दादा म्हणाला.

"का गप्प बसू? कधी नव्हे ते लबाडी करायला गेलात, ती पण जमली नाही."

एरवी मला हसू आलं असतं. मी बाटलीकडे बोट केलं. "अरे, मागायची होतीस ना! तोंड नव्हतं का? मी धाकटा आहे तुझा."

"मागितली असती तर तू विचारलं असतंस, बदल्यात काय देतोस."

"विचारलं असतं! त्यात काय वावगं आहे? धंदा असाच करतो आपण."

"म्हणूनच नाही मागितली."

हे तो अगदी शांतपणे म्हणाला. एवढी वर्षं याच्यासाठी मी बाजारात घसा कोरडा केला आणि याला माझ्याकडे एक गोष्ट मागायचीही भीती वाटते? त्यापेक्षा गाडीत विष घालणं सोपं वाटतं?

मग मला आणखी एक गोष्ट सुचली आणि ती पहिल्यापेक्षा वाईट होती. दिवाळीला आम्ही भेटलो, पुतणीच्या साखरपुड्यात भेटलो. दर वेळी त्याने विचारलं होतं, "गाडी कशी आहे?" आणि दर वेळी मी मिजाशीत म्हणालो होतो, "लोण्यासारखी."

"दादा, तुला माहीत होतं, ते तेल पितळ खातंय. तुझ्या हाताने बसवलेल्या रिंगा. तरी गप्प राहिलास?"

त्याने बाटली उन्हात धरली. सोनेरी कण त्यालाही दिसले. त्याचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली.

"सांगायला निघालो होतो," तो म्हणाला. "दोनदा तुझ्या दुकानापर्यंत आलो. गिऱ्हाइकं होती."

"गिऱ्हाइकं असतातच!"

"हो ना."

तो उठला, घराजवळच्या शेडकडे गेला. मागोमाग मीही गेलो, ओरडत. त्याने कपाटातून चार नंबरचं पातळ तेल काढलं, सीलबंद. डबा माझ्यापुढे धरून ग्रेड वाचायला लावली, जसा मी माल घेताना वाचायला लावतो. मग गाडी खड्ड्यावर घेऊन त्याने हलकं तेल काढलं, चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे मला तेव्हा त्याने सांगितलं. नळी लावून नवं तेल भरलं, बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत. मी उभा राहून ओरडत होतो आणि तो "हं, हं" करत होता.

"चल, बघू," तो म्हणाला आणि डाव्या सीटवर जाऊन बसला. किल्ली माझ्याकडे होती.

घाटाच्या रस्त्याला लागलो. संध्याकाळ व्हायला आली होती, हवा गार होती. दुसरा टाकला तो अलगद पडला, आवाज नाही, अडखळणं नाही. राग असतानाही माझ्या मनगटाला बरं वाटलं. पहिल्या चढाला दादा म्हणाला, "तिसरा जरा थांबून टाक."

मी थांबून टाकला. तरीही बारीक घासल्याचा आवाज झाला, सुपारी फोडताना होतो तसा. दादाने डोळे मिटले.

"घासला," तो म्हणाला. "दुसरा नुसता जाड तेलाने अडत होता. तिसऱ्याची रिंग गेली."

"नवं तेल मुरेल."

"तेलाने नाही भरून येत. गिअरबॉक्स उघडायला लागेल. रिंग नवी काढावी लागेल." मग म्हणाला, "मी काढून देईन. गाडी मागत नाही."

मी घाटावरून गाडी वळवली. त्याला अंगणात सोडलं. तो उतरला, दार हलक्या हाताने लावलं आणि बाजूला उभा राहिला. मी इंजिन चालू ठेवून बसलो होतो. एक शब्द जरी तो बोलला असता, तर किल्ली द्यायची की नाही हे मला ठरवावं लागलं असतं. तो आत गेला.

गंगापूर रोडपर्यंत मी तिसरा टाळत आलो, दुसऱ्यातून सरळ चौथ्यात. तसाच अजून चालवतो आहे. मेकॅनिकला त्या गिअरबॉक्सला हात लावू दिलेला नाही, आणि दादाला तो उघड असं अजून माझ्या तोंडून निघालेलं नाही.