नानांची जास्तीची मूठ

आमच्या लग्नात मानपानावरून जेवढी भांडणं झाली नाहीत, तेवढी गेल्या आठ महिन्यांत साबणावरून झाली. भांडणाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझे सासरे, गुणाजी. घरात आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो.

नाना मूळचे कोलाडजवळच्या एका गावातले, भातशेतीवाल्याच्या घरातले. विसाव्या वर्षी धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागले आणि अडतीस वर्षं तिन्ही शिफ्टा करून तिथूनच रिटायर झाले. अष्टमी गावातलं हे घर त्यांनीच बांधलं. मी नदीवरचा पूल ओलांडून रोह्याच्या शाळेत शिकवायला जाते. माझी मुलगी उर्वी झाली तेव्हा मी हट्टाने मशीन घेतलं, पुढून दार असलेलं, कमी पाण्यात धुणारं. माझ्या डोक्याला ताप तेव्हापासून सुरू झाला.

कंपनीत कामगारांना दर महिन्याला कपडे धुवायची पावडर मिळायची. घाण कामावर असलेल्यांना जास्त. नानांचं काम सगळ्यात घाण, म्हणून त्यांच्या वाट्याला सगळ्यात जास्त. रिटायर होईपर्यंत माळ्यावर बिननावाच्या पांढऱ्या पिशव्यांचा डोंगर झाला होता. ती पावडर बादलीत हाताने धुण्याची. चिमूटभर टाकली तरी बादलीवर फेसाची टोपी चढते. नाना ती मशीनमध्ये मुठीने टाकायचे.

“नाना, ह्या मशीनला फेस चालत नाही. ह्याचं लिक्विड वेगळं येतं. दोन चमचे पुरतात.”

“दोन चमच्यात काय धुवून निघतंय? पाणी पण वाटीभर घेते ही. फेस तरी दिसू दे.”

मग काचेतून फेस दिसला की समाधानाने मान हलवायचे. मी शाळेत चाळीस पोरांना सरळ करते, पण घरात एका माणसापुढे हात टेकले होते. मी लिक्विडची बाटली पुढे ठेवायची, ते ती मागे सरकवायचे. मी पिशवी माळ्यावर टाकायची, ते शिडी लावून खाली आणायचे. त्यात आणखी एक तऱ्हा. स्वतःचे कपडे ते आमच्या कपड्यांत मिसळू द्यायचे नाहीत. आमचे झाले की शेवटी त्यांचे, वेगळे आणि तीन मुठी टाकून. उर्वीचे तर मशीनमध्येच नकोत म्हणायचे. ते सासूबाई हाताने धुवायच्या.

एवढं करूनही त्यांचं समाधान नाही. दोरीवरचं बनियन नाकाला लावायचे आणि म्हणायचे, “अजून येतोय वास.” पुढच्या वेळी आणखी एक मूठ.

हे एवढंच असतं तर मी कपाळाला हात लावून गप्प बसले असते. पण पावसाळा संपता संपता नानांच्या अंगाला खाज सुटली. मान, काखा, कंबर, सगळं लाल. डॉक्टरने मलम दिलं. ते लावलं की दोन दिवस बरं, मग परत तेच. नानांनी स्वतःच निदान करून टाकलं. “अडतीस वर्षांचं केमिकल अंगात मुरलंय. आता बाहेर पडतंय.” आणि त्यांनी उर्वीला उचलणं बंद केलं. तिला आपलं काही लागेल म्हणून. ती रडली की लांब खुर्चीत बसून पाळण्याची दोरी ओढायचे. ती रांगत त्यांच्याकडे निघाली की उठून ओटीवर जायचे. पोरगी बिचारी दारापर्यंत जाऊन बसायची. मला ते बघवत नव्हतं. रागही यायचा आणि कोणावर काढावा तेही कळायचं नाही.

शेवटी एका रविवारी मशीन मध्येच बंद पडलं आणि न्हाणीभर फेस झाला. पेणहून मेकॅनिक यायला चार दिवस लागले. आदर्श त्याचं नाव, माझ्या माहेरच्या जोहे गावाजवळचाच निघाला. त्याने साबणाचा खण ओढला तर आत पावडरचा दगड झालेला.

“हे काय लिंपलंय, ताई?”

मी नानांकडे बघितलं. नाना मान खाजवत छताकडे बघत होते.

आदर्शने मशीन चालू करून दिलं आणि दोरीवरची नानांची चार धुतलेली बनियनं मागितली. ती मशीनमध्ये टाकली. साबण अजिबात नाही, नुसतं पाणी. दहा मिनिटांत काच फेसाने पांढरी झाली.

“साबण टाकला नाय ना, काका?”

“नाय,” नाना म्हणाले आणि काचेजवळ वाकले.

“मग हा फेस कपड्यातनं आला. फेस जास्त झाला की हिच्याच्यानं खळबळून निघत नाय. साबण कपड्यात राहतो. घाम आला की अंगाला लागतो. खाज येनारच.”

मग त्याने दाराच्या रबरात बोट घातलं. काळा बुळबुळीत गाळ निघाला. नानांनी तो हुंगला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हाच,” ते म्हणाले. “हाच वास. कंपनीचा.”

“कंपनीचा कसला, काका? साबण साठून कुजलाय त्याचा हाय.”

एवढे महिने तुंबलेलं माझं तोंड त्या क्षणी सुटलं. “सांगत होते ना मी! ऐकलं कोणी? घर डोक्यावर घेतलंत, स्वतःची कातडी सोलून घेतलीत, पोरीला रडवलंत, कशासाठी? मूठभर पावडरसाठी!”

नाना तिथून निघाले. ओटीवर जाऊन पाठ करून बसले.

सासूबाईंनी मला आत ओढलं. “आता पुरे कर गो. त्यांना उगाच सवय लागली नाय ती. तुझा नवरा चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. हे शिफ्टवरनं आले, त्याला मांडीवर घेतला. तर पोर नाक दाबून खाली उतरला. म्हणाला, नाना, तुमचा घाण वास येतो. त्या दिवसापास्नं ह्यांनी रितेशला परत मांडीवर घेतला नाय. कपडे वेगळ्या बादलीत, आपल्या हातानं. म्हणायचे, अजून एक मूठ टाकतो, जाईल.”

बाहेर जाऊन माफी मागावी तर जीभ रेटेना. मी आपली रिकामं मशीन गरम पाण्यावर तीनदा फिरवत बसले. मग नानांचे सगळे कपडे पुन्हा पुन्हा नुसत्या पाण्यात काढले, काच स्वच्छ राहीपर्यंत. त्या दिवसापासून लिक्विड मीच मोजून घालते. नानांनी परत पिशवीला हात लावला नाही.

तीन आठवड्यांत मानेवरचा लाल चट्टा गेला. काल संध्याकाळी नानांनी दोरीवरचा सदरा काढला आणि माझ्यापुढे धरला. “बघ गो, येतो काय वास?”

सासऱ्यांचा सदरा मी आयुष्यात पहिल्यांदा नाकाला लावला. “कसलाच येत नाही, नाना.”

“खरं सांग.”

“खरंच नाही.”

त्यांनी तो घातला, ओटीवर रांगत आलेल्या उर्वीकडे थोडा वेळ बघितलं आणि तिला उचललं. तिने सरळ त्यांच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि कॉलर चघळायला लागली. नाना मान ताठ करून उभे, श्वासही बेताने घेत होते.

तेवढ्यात रितेश कामावरून आला. पोरीचा गालगुच्चा घ्यायला तो नानांच्या अगदी जवळ गेला.

“रितेश,” नाना हळूच म्हणाले, “वास येतो काय रे माझा?”

रितेशने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. “कसला वास? कधी येत होता?”

त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

“काय नाय,” नाना म्हणाले आणि उर्वीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.