महबूब साखरकरची सही

महबूब साखरकरने कागद उलटा करून टेबलावर टाकला आणि वर आपला बावीसचा पाना ठेवला. बंद ऑफिसात वारा कुठला, पण महबूबने पाना ठेवला की विषय संपला, हे कुवेतच्या राई भागातल्या त्या गॅरेजात सगळ्यांना ठाऊक होतं. टेबलापलीकडच्या क्षितिज आगाशेलाही. तो मॅनेजर होता, म्हणून त्याने तरीही बोलून पाहिलं.

कागद अरबीत होता. क्षितिज पुण्याचा, वय एकोणतीस, मेकॅनिकलचा इंजिनिअर. त्याने महबूबला तो मराठीतून समजावला. फार काही नाही, नुसती फॉर्मॅलिटी. बू मिशाल या गिऱ्हाइकाच्या बग्गीचे दोन पट्टे जळाले, हेड ऑफिसला नोंद लागते, काम करणाऱ्याची सही लागते. दोन मिनिटांचं काम.

"मग तुमचीच करा ना," महबूब म्हणाला. "तुमीपण कामगारच."

"महबूबभाई, सायलेन्सर तुम्ही बसवलाय."

"बसवलाय. आणि बसवताना काय बोललो होतो ते गाडीच्या कार्डावर लिवून ठेवलाय."

क्षितिजने कार्डाचा विषय टाळला. तो का टाळला ते पुढे येईल.

महबूब रत्नागिरीजवळच्या साखरतरचा. बाप मिरकरवाड्याच्या बंदरावर ट्रॉलरची इंजिनं खोलायचा, पोराने तिथेच पाना धरला. शाळा आठवीपर्यंत. कुवेतला आला त्याला आता चोवीस वर्षं झाली. पहिल्या सहा वर्षांत त्याने एकदाच न वाचता सही केली. दुसऱ्या एका गॅरेजात मालकाने सांगितलं, हा सुट्टीचा कागद. दोन महिन्यांची सुट्टी घेऊन महबूब गावी गेला, घराची कौलं बदलली, परतायची तारीख जवळ आली तेव्हा फोनवर कळलं की आपण स्वखुशीने नोकरी सोडली आहे. सही आपलीच. वळणदार, मराठीतली.

त्या दिवसापासून त्याचा एकच कायदा: वाचता येत नाही त्यावर सही नाही. शुक्रवारी दुपारी फरवानियातल्या त्याच्या खोलीत गावची, रायगडची, अगदी बिहारचीही माणसं कागद घेऊन येतात. महबूबला अरबी येत नाही. पण कोणाला वाचता येतं ते त्याला माहीत आहे, आणि वाचून होईपर्यंत पेन खिशातून काढू न देण्याइतका आवाज त्याच्याकडे आहे. गावाहून फोनवर रहिमा म्हणते, तोंडाला जरा लगाम घाल, पंचावन्नाव्या वर्षी कोण ठेवणार तुला? तो म्हणतो, तोंड गेलं तर मग ठेवायला उरतं काय?

तर बग्गीचं प्रकरण. नोव्हेंबर लागला की कुवेती लोक वाळवंटात तंबू ठोकतात आणि मार्चपर्यंत त्यांच्या बग्ग्या वाळूच्या टेकड्या चढत-उतरत असतात. लोखंडी पिंजरा, चार जाड चाकं, पाठीमागे इंजिन. बू मिशालने आपल्या बग्गीला बाहेरचा मोठा सायलेन्सर बसवून मागितला. महबूबने बसवला, आणि क्षितिजला सांगितलं की आता क्लचही जुळवायला हवा. क्षितिज म्हणाला, गिऱ्हाइकाने सायलेन्सर सांगितलाय, सायलेन्सर द्या. गॅरेजामागच्या डांबरी रस्त्यावर त्याने स्वतः एक फेरी मारली. आवाज असा झाला की समोरच्या टाइल्सच्या दुकानातली माणसं बाहेर आली. क्षितिज खूश. इथे सगळ्यांची हीच गफलत होते: आवाज वाढला म्हणजे जोर वाढला, आणि डांबरावर पळाली म्हणजे वाळूत पळेल.

त्या बग्गीचा क्लच म्हणजे दोन पुल्या आणि मधला रबरी पट्टा. पुढच्या पुलीत सहा छोटी वजनं असतात. इंजिन फिरलं की ती बाहेर फेकली जातात, पुली दाबली जाते, पट्टा वर चढतो, वेग येतो. वजन जड, तर पट्टा लवकर चढतो. हलकं, तर उशिरा. नव्या सायलेन्सरने इंजिनाचा खरा जोर वरच्या फेऱ्यांवर सरकतो, पण क्लचला ते कोणी सांगितलेलं नसतं. तो जुन्याच वेळेला पट्टा चढवतो. इंजिन गुदमरतं, पट्टा घसरतो, तापतो, जळतो. महबूब सांगायचा, नवऱ्याला रात्रपाळी लागली तरी बायको दुपारी बाराला ताट वाढून बसली, तर त्या भाताचं काय व्हायचं?

ही सगळी तणतण चालू असताना बू मिशाल स्वतः आला. साठीचा, अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात जळका पट्टा मेलेल्या सापासारखा लोंबत. त्याच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, म्हणून त्याला कामापुरतं हिंदी येत होतं. तो म्हणाला, मी मालकाकडे जाणार. क्षितिजने घाईघाईने सांगितलं की चूक मेकॅनिकची आहे, तो आत्ताच सही करतोय.

"सही बाद में," महबूब म्हणाला. "पहले गाड़ी."

आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्याने पैज लावली. क्लच मी जुळवतो. असरच्या, उतरत्या दुपारच्या नमाजापर्यंत वाळूवर चालवा. पट्टा जळला तर ह्या कागदावर सही करतो, आणि वर अंगठाही देतो. नाही जळला, तर हा कागद माझ्यासमोर कोणीतरी मोठ्याने वाचायचा. बू मिशालने मान डोलावली. त्याला पैज आवडत असावी. क्षितिजला आवडली नाही, पण गिऱ्हाइकाने मान डोलावल्यावर मॅनेजरला मत राहत नाही.

क्षितिजने फोन काढला. त्यात एक गोरा माणूस बर्फावर पळवायच्या गाडीचा क्लच उघडून दाखवत होता. क्लच अगदी तोच. सायलेन्सर बदलल्यावर त्याने प्रत्येक वजन आठ ग्रॅमने हलकं केलं होतं. क्षितिज म्हणाला, आपणही बासष्टची चौपन्न करू.

महबूबने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग विचारलं, हा माणूस उभा कुठाय? क्षितिज म्हणाला, डोंगरावर. किती उंच? दहा हजार फूट. महबूब म्हणाला, तिथली हवा पातळ, तिथे इंजिन अर्धपोटी. आपण समुद्राच्या काठावर, इंजिनाचं पोट भरलेलं. त्याची चौपन्न आपल्याला कशी चालतील?

बू मिशालला हा वाद कळला नाही. तो म्हणाला, इंजिनिअरचं आधी करा, मग याचं. महबूबने खांदे उडवले. हत्यारं, वजनांचे दोन जादा संच, नवा पट्टा आणि मुबारकियाच्या बाजारातून घेतलेला सोनाराचा छोटा काटा पिकअपमध्ये टाकला, आणि बग्गी मागच्या ट्रेलरवर चढवून तिघे वाळवंटात जाणाऱ्या सालमीच्या रस्त्याला लागले.

वाळूवर आधी चौपन्न. बू मिशालचा पाय खाली गेला, इंजिन किंचाळलं, फेऱ्या थेट मर्यादेला जाऊन आपटल्या आणि गाडी उचक्या देत टेकडीच्या अर्ध्यावर थांबली. बू मिशाल खाली उतरला आणि क्षितिजकडे नुसता पाहत राहिला. क्षितिज फोनकडे पाहत राहिला. फोनमधला माणूस बर्फावर मजेत होता.

मग महबूब वाळूवर चादर अंथरून बसला. सहा वजनं काट्यावर एकेक. एकोणसाठ ग्रॅमच्या वर नाही, खाली नाही. एक वजन जरा जड निघालं, त्याने कानशीचे चार हात फिरवले, पुन्हा तोललं, पुन्हा दोन हात. सहात एक जरी वेगळं झालं तर पुली थरथरते. हे कोणी शिकवलं, असं क्षितिजने विचारलं. महबूब म्हणाला, पट्ट्यांनी. जळालेल्या.

पुलीच्या चकचकीत अंगावर त्याने काळ्या मार्करने मधून कडेपर्यंत रेघा ओढल्या आणि झाकण लावलं. बू मिशालने पुन्हा पाय दाबला. फेऱ्यांचा काटा चौऱ्याऐंशीशेवर गेला आणि तिथेच उभा राहिला, टेकडी संपेपर्यंत. एकदा, दोनदा, सात वेळा. इंजिन बंद केल्यावर महबूबने झाकण काढलं. पट्ट्याने रेघा जवळजवळ कडेपर्यंत पुसल्या होत्या. म्हणजे तो पूर्ण चढत होता. मग त्याने उघडा तळवा पुलीवर ठेवला आणि ओठांतल्या ओठांत कलमा म्हणायला लागला. मिरकरवाड्यावर बाप असाच बेअरिंग तपासायचा: पूर्ण कलमा म्हणून होईपर्यंत हात राहिला तर ठीक, आधीच उचलावा लागला तर काहीतरी घासतंय. कलमा पूर्ण झाला. हात तिथेच होता. त्याने तो तसाच ठेवून क्षितिजला म्हटलं, "ठेवा हात. तुमचा पुण्याचा श्लोक म्हणा कुठला तो."

क्षितिजने हात ठेवला. काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, पण हात त्यानेही काढला नाही.

गॅरेजात परतले तेव्हा असरची बांग व्हायची होती. पाना अजून कागदावर होता. बू मिशालने तो बाजूला केला, चष्मा लावला आणि कागद वाचला, आधी अरबीत, मग हिंदीत. कामगार कबूल करतो की त्याच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं. आणि नोटीस न देता कामावरून कमी केलं तर त्याची हरकत नाही.

क्षितिजचा चेहरा उतरला. महबूबने तो पाहिला आणि त्याला कळलं.

"तुमाला तरी वाचता आला होता काय?" त्याने मराठीत विचारलं.

क्षितिजने नकारार्थी मान हलवली. हेड ऑफिसातून टाइप होऊन आला होता, त्याने पुढे सरकवला. तुम्हीच सांगा, आता या माणसावर चिडायचं तरी किती? महबूब मात्र चिडलाच. म्हणाला, म्हणजे माझी मान तुम्ही आंधळेपणाने कापायला निघाला होतात, आणि सुरी कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

मग त्याने भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेलं बू मिशालच्या बग्गीचं कार्ड काढलं. खाली चार ओळी मराठीत होत्या. बू मिशालने विचारलं, ये क्या लिखा है? महबूबला ते सहज सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही.

"आप का काग़ज़ आप ने पढ़ा," तो म्हणाला. "मेरा काग़ज़ ये पढ़ेगा. इधर दुसरा कोई नहीं पढ़ सकता." आणि कार्ड क्षितिजच्या हातात दिलं.

क्षितिजला तेव्हा काहीही वाचता आलं असतं. 'सायलेन्सर बसवला, गाडी ठीक', एवढं म्हणून कार्ड परत खिळ्याला लावलं असतं, तर बू मिशालला कळलं नसतं. महबूब हात बांधून उभा होता, तोंडातून अवाक्षर न काढता. चोवीस वर्षांत तो इतका वेळ गप्प राहिला नसेल.

क्षितिजने घसा साफ केला. "'सायलेन्सर बसवला. क्लचला हात लावलेला नाही. लावायला पायजे, नायतर पट्टा जळेल. मॅनेजर नको म्हणाले. महबूब.'" आधी मराठीत, मग हिंदीत. 'मॅनेजर नको म्हणाले' हे हिंदीत सांगताना आवाज बारीक झाला, पण शब्द गाळला नाही.

बू मिशालने अरबी कागद चौघडी घालून दिशदाशाच्या खिशात टाकला. मालकाला मी दाखवतो, एवढंच म्हणून तो बग्गी घेऊन गेला.

क्षितिज अजून कार्ड धरून उभा होता. महबूबने ते घेतलं आणि खाली पाचवी ओळ लिहिली: क्लच जुळवला, एकोणसाठ ग्रॅम, वाळूवर सात फेऱ्या. सही केली. मग पेन क्षितिजपुढे धरलं.

"वाचा आधी," तो म्हणाला. "मग करा."

क्षितिजने वाचलं. नेहमीच्या सवयीने इंग्रजीत सही करायला गेला.

"मराठीत," महबूब म्हणाला.