वाचलेलं कूलंट

माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे उकडून निघालो होतो, आणि त्याला ऊन जबाबदार नव्हतं.

ऊन होतंच म्हणा, एप्रिलचं. पण जबाबदार मी होतो. त्या सुमारास मी नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो, एक सेकंडहँड गाडी घेतली होती आणि स्वारगेटजवळच्या आमच्या सोसायटीत लोक मला इंजिनिअर म्हणून ओळखायला लागले होते. (होतोच मी इंजिनिअर, पण की-बोर्डपुरता.) त्यात ऑफिसातला एक जण अमेरिकेत राहून आला. तिकडे म्हणे कुणी ऊठसूट गॅरेजात जात नाही, गाडीचं ऑइल, कूलंट सगळं घरच्या घरी बदलतात. कूलंट म्हणजे इंजिन तापू नये म्हणून त्यात खेळत राहणारं हिरवं पाणी. एवढंच ना, म्हटलं, मग अमेरिकेला कशाला जायला हवं?

सुजाता माझी धाकटी बहीण. वाघोलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि तिथेच शिकवणाऱ्या अजितशी तिचं जमलं होतं. त्याचं घर वाघोलीतलंच, जुनं शेतकरी घर. आम्ही बौद्ध, ते हिंदू. दोन्हीकडे बरेच दिवस तोंडं वाकडी होती. ती सरळ करायचं काम सुजातानं एकटीनं केलं, आवाज न चढवता. अखेर त्यांच्या घरी साखरपुडा ठरला. त्यांनी अकराचा मुहूर्त काढला होता. आमच्याकडे मुहूर्त कुणी पाहत नाही, आणि नेमक्या त्याच कारणानं पप्पांनी घरात फर्मान काढलं.

"आपण मुहूर्त मानत नाही म्हणजे वेळही पाळत नाही, असं त्या घरात कुणाच्या मनातसुद्धा येता कामा नये. अकरा म्हणजे पावणेअकरा."

पप्पा जन्मभर सरकारी कचेरीत वेळेवर पोचलेले. (असे होते काही.) त्या वाक्याच्या मागे त्यांचं काय काय होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि अशा कार्याच्या आदल्या दिवशी मी गाडीखाली शिरलो! बहिणीला वरात निघाल्यासारखं टकाटक गाडीतून न्यायचं, एवढाच माझा प्रेमळ हेतू होता.

पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं अंथरली, आईची पापडाच्या पिठाची परात आणली (न विचारता), रेडिएटरच्या खालचा नळ फिरवला. फिरेना. आणखी जोर केला, तेव्हा तो फिरला नाही, थेट हातातच आला. हिरवी धार आधी माझ्या बाहीत शिरली, तिथून काखेत, आणि उरलीसुरली परातीत पडली. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून शांतपणे विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, सर्व्हिसिंग. ते म्हणाले, "कुणाचं?" आणि आत गेले.

तरीही काम तडीस गेलं. मापानं पाहिलं तर चार लिटर जुनं कूलंट निघालं होतं. ते मी डब्यात बंद केलं, नळ पुन्हा बसवला आणि तेवढंच विकत आणलेलं नवं ओतायला घेतलं. अडीच लिटरलाच रेडिएटर तोंडापर्यंत भरला. तब्बल दीड लिटर उरलं!

आता इथे दुसऱ्या कुठल्याही घरात कुणाला तरी शंका आली असती. आमच्या घरात आनंद झाला. आमच्याकडे साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवतात, चहाची पावडर दोनदा उकळते, गोडेतेल गाळून ठेवतात. एखादी वस्तू 'उरली' हा आमच्याकडे पराक्रम समजला जातो. पप्पांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली, बूच घट्ट लावलं आणि कपाटात ठेवली. आई परातीचा राग विसरली. "गॅरेजवाल्यानं सगळं ओतून टाकलं असतं," पप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं, की तसं दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

फक्त सुजाता दोन्ही हातांवर ओली मेंदी घेऊन दारात उभी होती. "दादा, चार निघालं आणि अडीचच आत गेलं. मग दीड लिटरच्या जागेत आता काय आहे?"

मी तिला समजावलं, की जुनं कूलंट वापरून वापरून पातळ होतं, म्हणून जास्त भरतं. नवं कसदार असतं, ते कमी लागतं. फिजिक्सच्या प्राध्यापिकेला मी हे सांगितलं! ती तोंड उघडणार, तोच पप्पांनी तिला मेंदी वाळवायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बुद्धवंदना झाली आणि आम्ही निघालो. पप्पा पांढऱ्याशुभ्र शर्टात पुढे, मागे आई आणि हिरव्या रेशमी साडीतली सुजाता. नगर रोडला लागेपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. मी तसं दोनदा बोलूनही दाखवलं. खराडीच्या अलीकडे तापमानाचा काटा हलला. मग चढला. मग लाल खुणेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली. पप्पांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं, आणि त्यांचा चेहरा इतका बारीक झाला की मला बोलणी खाल्लेली परवडली असती. या एका दिवशी, या एका घरी माझ्यामुळे त्यांची मान खाली जाणार होती.

उतरलो आणि तडक रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला गेलो.

"हात लावू नकोस," सुजाता म्हणाली. वर्गात बोलतात त्या आवाजात. "आत उकळतंय, तोंडावर येईल. आधी गार होऊ दे."

पदर खोचून ती रस्त्यावर उतरली. जाणारे ट्रकवाले नवरीला बघून वेग कमी करत होते, पण तिला पर्वा नव्हती. तिनं मला दोन वाक्यांत सांगितलं, की दीड लिटर वाचलं नव्हतं, तेवढी हवा आत अडकली होती, आणि ती निघाली नाही तर पाणी फिरणार नाही. पुरेसं थांबून, आईच्या नॅपकिननं झाकण हळूच उघडायला लावलं. मग इंजिन सुरू, हीटर पूर्ण, आणि आमच्या पिण्याच्या बाटल्यांतलं पाणी थोडं थोडं ओतायचं. आतून गुडगुड बुडबुडे येत राहिले, पाणी आत उतरत राहिलं. शेवटचा बुडबुडा आला तेव्हा तिच्या साडीवर एक थेंब नव्हता. मी नखशिखांत भिजलो होतो. असा अभिमान वाटला मला तिचा, आणि अशी भीती अजितबद्दल!

"आता हीटर बंद करायचा नाही," ती म्हणाली. "इंजिनची उष्णता आपण घ्यायची."

घेतली. एप्रिलच्या उन्हात, काचा खाली करून, हीटर फुल्ल लावून, आम्ही वाघोली गाठली. आईची पावडर गळ्यापर्यंत ओघळली होती. पप्पांचा शर्ट अंगाला चिकटला होता, पण दारात उतरताना त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ताठ झाले. पावणेअकराला दोन मिनिटं कमी होती.

अजितचे वडील स्वतः पुढे आले, पप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. "येळ पाळावी तर तुमीच," ते घरातल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमचा भटजी अजून यायचा हाय." पप्पांचे डोळे भरून आले. घामात कुणाला कळलं नाही, मला कळलं. मग अजितच्या वडिलांनी एवढा घाम कसा, असं विचारलं, आणि पप्पांनी रस्त्यातली सगळी हकिकत सांगितली. सुजाताचं ऐकताना म्हाताऱ्याची छाती फुगत गेली. "पोरगी गाडी दुरुस्त करती म्हना की. आन् हे थोरले काय करत्यात?"

"तो संगणक बघतो," पप्पा म्हणाले. "तुमच्याकडे असेल तर आत ठेवा."

सगळे हसले, मीही हसलो. त्यांच्या बैठकीत खरोखरच एक कोरा करकरीत संगणक होता, वर भरतकामाचं कापड घातलेला. जेवून हात धुऊन परत आलो, तर तिथे नुसतं टेबल होतं.