दाढ दुखतेय, छाती नाही

लहान मुलांच्या दातांचा दवाखाना चालवायचा म्हणजे किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आईबापांचं बोट धरून आपणहून येतात. मित्रमंडळींत सांगितले की सगळे हसतात. माझं मात्र डोकं फिरतं.

नाशिकमध्ये इतकी वर्षं झाली, नव्या पोराच्या पालकांना माझा पहिला प्रश्न एकच. "हृदयाचा काही त्रास?" सिन्नरचे एक गृहस्थ, कंपनीतली शिफ्ट बुडवून आलेले, भडकलेच. "मॅडम, दाढ दुखतेय, छाती नाही. उगाच टेस्ट मागे लावू नका."

आता यांना काय कप्पाळ सांगायचं? किडक्या दाढेतले जंतू रक्तात उतरतात. हृदयात भोक असलं किंवा झडप खराब असली, तर तिथेच ठाण मांडतात. मग ताप हटत नाही आणि पोर जिवानिशी जाऊ शकतं. म्हणून अशा काही मुलांना दाढ काढायच्या तासभर आधी अँटिबायोटिकचा डोस द्यावाच लागतो.

डोसवरून आठवलं. देवळाली कॅम्पच्या एका बाईंना बजावलं होतं, पोराला औषध घरून पाजूनच आणा. आल्या.

"दिलं ना?"

"दिलं की. पण धाकटा रडायला लागला, मला का नाही म्हणून. मग दोघांना अर्धं-अर्धं दिलं."

माझी असिस्टंट तोंड दाबत बाहेर पळाली. मी पोराला खुर्चीवरून उतरवलं आणि परत पाठवलं.

आणि हे आजोबा लोक! नातवाच्या तोंडात एक दात धड नाही, यांच्या खिशात मात्र चॉकलेट. ब्रश? "हृदयाचं पोर आहे हो. त्याला रडवायचं नाही, आणि ब्रश बघितला की ते रडतं." असल्या लाडानेच जाईल ते एक दिवस, असं मी तोंडावर बोलले. आजोबा रुसले आणि दारातच नातवाला आणखी एक चॉकलेट देऊन घेऊन गेले.

पण सटाण्याचं ते जोडपं... मुलगी आठेक वर्षांची, दाढ सडलेली, अंगात ताप. हृदयाचं विचारलं तर दोघं एका सुरात, "काही नाही." मुलगी खुर्चीत मागे रेलली आणि फ्रॉकच्या गळ्यातून छातीवरचा उभा व्रण दिसला.

"हे काय?"

"लहानपणी चहा सांडला," आई म्हणाली.

"चहा असा पट्टी लावून सांडतो?"

बाप खाली बघत म्हणाला, "मॅडम, पोरीची जात. उद्या लग्न जमवायचंय. भोक होतं, ऑपरेशन केलं. भावकीत कुणाला सांगितलं नाय."

मी दाढेला हात लावला नाही. असा संताप आला होता! दोघांना तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. शिवलेलं भोक अजून थोडं गळत होतं आणि दाढेतल्या जंतूंनी नेमकं तिथेच घर केलं होतं. पोर ॲडमिट झाली. वाचेल का, हे डॉक्टरही सांगेनात.

दोन-चार दिवसांनी बापाचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

"मॅडम, उद्या माझा भाऊ त्याच्या पोराला घेऊन तुमच्याकडे येतोय. तो आमच्या पोरीचं विचारील. हृदयाचं नाव काढू नका. दातामुळे ताप आलाय, एवढंच सांगा."