गुंडी संडासात बसत नाही

पाळणाघरातल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं शूमावशी, आणि बाई त्या नावावर बेहद्द खूश होती. "लोक पोरांना वाचायला शिकवतात, मी त्याच्या आधीचं शिकवते. ते नाही जमलं तर वाचून काय उपयोग?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. कुणाची चड्डी ओली झाली तर ओरडणं नाही. "अगंबाई, पूर आला की!" म्हणायचं आणि दुसरी चढवायची. काम झालं की पोरानं स्वतः फ्लश दाबायचा आणि हात हलवायचा, "शी टाटा!" ही तिची खास पद्धत. भल्याभल्या भित्र्या पोरांना तिनं असं वळण लावलं होतं.

गुंडीनं मात्र तिला टेकीला आणलं. बटणासारखे डोळे म्हणून गुंडी. एवढीशी पोर, पण डायपर कधीच सुटलेला. आणि गेल्या महिन्यापासून सगळं उलटंच सुरू झालं. संडासाचं दार दिसलं की पाय आवळून भिंतीला चिकटायची. पोट दगडासारखं टणक. असंच रोखून धरलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी आईला बजावलं होतं.

मावशीनं गाणी म्हटली, बाहुलीला बसवून दाखवलं. शेवटी एका दुपारी गुंडी बसली एकदाची, रडत, मावशीचं बोट घट्ट धरून. थोडंसं झालंही. मावशीला कोण आनंद! सवयीनं बोलून गेली, "शाब्बास! चल, टाटा कर!"

गुंडीनं अशी किंकाळी फोडली की पलीकडे झोपलेली पोरं दचकून उठली. "नको! आईनं बाळाला टाटा केलं. बाळ परत आलंच नाही!"

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. गुंडीच्या आईचं पोटातलं बाळ गेल्या महिन्यात गेलं होतं, घरीच, संडासात. एवढं तिला ठाऊक होतं. पण तेव्हा ही पोर दाराबाहेर उभी राहून फ्लशचा आवाज ऐकत असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आपण हिलाच हात हलवायला सांगितलं! "मेली माझी पद्धत," ती पुटपुटली. टाकीत पाणी ठिबकत होतं. तो आवाज तिला इतका नकोसा झाला की पोरीला कडेवर घेऊन ती बाहेर पळाली.

संध्याकाळी बाकीची पोरं गेल्यावर आई न्यायला आली, तेव्हा मावशीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. "ताई, बाळाचं काय झालं ते तिला कुणी सांगितलंच नाही. मग तिनं आपल्या मनानं ठरवलं, इथं टाटा केलं की कुणी परत येत नाही. आता जवळ घेऊन नीट सांगा. आणि घरी तिच्या देखत तुम्ही बसा. आई आत जाते आणि धडधाकट बाहेर येते, हे दिसू दे तिला."

आई पोरांच्या बुटक्या खुर्चीवर मटकन बसली.

"कशी बसू, मावशी? मीच जात नाही तिथं. दिवसा ऑफिसात जाते, रात्री शेजाऱ्यांकडे. दार उघडलं की मला ते सगळं दिसतं हो. पोरीला कुठल्या तोंडानं सांगू, ये म्हणून?"

मावशीनं गुंडीला चपला घातल्या, स्वतःच्या घातल्या.

"चला, मी येते घरी. तिघी मिळून जाऊ आत," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण पाळणाघराला लावलेलं कुलूप तिनं निघण्याआधी तीनदा ओढून पाहिलं.